फुटाला एक सूत

ज्योतीराम सुताराला बसता येत नसे. जेवायला पाटावर बसला तरी एक गुडघा उभाच, कधी उठावं लागेल सांगता येत नाही म्हणून. फौंड्रीतून घरी आला की सायकल भिंतीला टेकायच्या आधी त्याची हाक घरात पोचायची, "हौसे, चल." कुठे चल आणि कशाला चल, हे त्या अकरा वर्षांच्या पोरीनं विचारायचं कधीच सोडून दिलं होतं. ती वही मिटायची, परकर सावरायची आणि बापाच्या मागं निघायची. चुलीपुढून गोजाबाई म्हणायची, "आता आन् कुठली शाळा?" आणि भाकरी थापत राहायची.

हे छप्पन्न सालचं. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, कँपातल्या सिंध्यांच्या दुकानांनी चांगला जम बसवला होता आणि चिंचवडच्या बाजूला माळावर एकेक शेड उभी राहत होती. त्यातल्याच एका फौंड्रीत ज्योतीराम पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडाचा नमुना करायचा. तो नमुना वाळूत दाबला की साचा उठतो, आणि त्या साच्यात पातळ लोखंड ओततात. हे लाकडाचे नमुने ज्योतीराम करी. कासारवाडीला दोन खोल्यांत त्याचा संसार होता. नऊ वर्षांपूर्वी कऱ्हाडकडच्या खेड्यातून तो आला, तेव्हा त्याच्याकडे वडिलांचा रंधा आणि तिसरीपर्यंतची शाळा, एवढंच होतं.

तिसरीत असताना त्यानं वडिलांना विचारलं होतं, की गाडीच्या चाकाला बाराच आरे का, अकरा का नाहीत? वडील म्हणाले, "करवत धर." त्या दोन शब्दांनी आपली शाळा संपली, असं ज्योतीराम सांगायचा. खरं म्हणजे शाळा संपली ती वडिलांचा हात दुखावला आणि घरात कामाला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. पण आपलं दुःख नेमकं कुठून सुरू झालं हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला असतो. ज्योतीरामनं ते 'करवत धर'पासून धरलं होतं, आणि आपल्या पोरीला असं कधी म्हणायचं नाही अशी शपथ घेतली होती.

शपथ त्यानं पाळली, जरा जास्तच पाळली. शाळेत काय शिकवतात त्यावर त्याचा भरवसा नव्हता. सोमवारी तो हौसाला रुळांकडे न्यायचा आणि सिग्नलचा हात कोण पाडतं, तार कुठून जाते ते दाखवायचा. मंगळवारी चांदभाईच्या सायकल दुकानात, ट्यूब पाण्यात बुडवली की पंक्चर कसं सापडतं ते बघायला. एकदा सुट्टीच्या दिवशी थेट सांगवीपर्यंत पायपीट, मुळेचं पाणी वळणावर कुठली कड खातं ते बघायला.

"सांग, कुठली कड खातंय? भाईरची. का? पानी भाईरच्या अंगाला जोरात जातंय म्हनून. समजलं? चल."

हौसानं तोंड उघडेपर्यंत तो पंधरा पावलं पुढं गेलेला असायचा. घरी आल्यावर गोजाबाई म्हणायची, "तुमीच इचारता, तुमीच सांगता. मग पोरीला संगं न्हेता कशाला?" यावर ज्योतीराम हसायचा. बायको गंमत करते आहे असं त्याला वाटे. ती गंमत करत नव्हती.

आषाढात उद्धवरावांचा वर्ग सुरू झाला. उद्धवराव मोजणी खात्यातून पेन्शन घेऊन पिंपरी गावात राहायला आलेले. हाडकुळा, करड्या शिस्तीचा माणूस. आयुष्यभर जमिनी मोजल्या, आता हातांना काम नाही, म्हणून दर रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीत पोरं गोळा करून त्यांना मोजायला आणि नकाशा काढायला शिकवू लागले. फी नाही. वेळेवर यायचं आणि आकडा खरा सांगायचा, एवढ्याच दोन अटी.

ज्योतीरामच तिला तिथं घेऊन गेला, आणि तिथं मात्र काहीतरी निराळंच झालं. रविवारी हौसा बापाच्या आधी तयार होऊन उंबऱ्यात उभी राहू लागली. घरी आली की वहीत पिंपळाचा पार काढायची, विहीर काढायची, एक इंचाला दहा फूट धरून. दोन दोन तास जिभेचं टोक दातात धरून एका जागी बसायची. ज्योतीराम तिच्याभोवती येरझारा घालायचा. तिला कुठं न्यावं ते त्याला सुचेना, आणि न न्यावं तर हातपाय गप्प राहीनात.

मग त्यानं तिला आपली पट्टी दिली. दोन फुटी, पोलादाची. फौंड्रीत नऊ वर्षं हीच पट्टी त्याच्या हातात होती. तिच्यावर त्यानं किती नमुने उतरवले त्याला गणती नाही. मागच्या अंगाला ठोकलेली इंग्रजी अक्षरं घामानं निम्मी बुजली होती. आता नवी मिळाली, तेव्हा फोरमनला विचारून त्यानं जुनी घरी आणली, खोबरेल लावून पुसली आणि हौसाच्या हातात ठेवली.

"ही कदी चुकायची न्हाई," तो म्हणाला. "शाळेतली लाकडाची ठेव बाजूला."

हौसा ती पट्टी रोज रात्री उशाशी ठेवू लागली. तीन-चार दिवसांनी, ज्योतीराम पायजम्याला क्लिप लावून सायकलवर टांग टाकणार तेवढ्यात, ती दोन्ही पट्ट्या घेऊन बाहेर आली.

"आप्पा, ह्या दोन सारख्या न्हाईत. खरी कुठली?"

चिंचवडकडचा भोंगा व्हायची वेळ झाली होती. त्यानं वळूनही पाहिलं नाही. "पोलादाची. लाकूड पावसात फुगतंय."

"पर आप्पा..."

"आल्यावर."

आल्यावर मोठ्या रस्त्यावर रोड रोलर आल्याची बातमी होती. अशी गोष्ट रोज कुठं बघायला मिळते? सायकल भिंतीला टेकायच्या आधी हाक घरात पोचली.

गणपती बसून उठले, आणि एका रविवारी हौसा पळतच घरी आली. एरवी चार शब्दांत बोलणं आटपणारी पोर, त्या दिवशी तिचं तोंड थांबेना. दिवाळीच्या सुट्टीत उद्धवराव चार मुलांना पुण्याला नेणार होते, आठ दिवस, खात्यातल्या त्यांच्या जुन्या स्नेह्याकडे. तिथं मोजणीचं खरं यंत्र होतं. तीन पायांचं, वर पितळेची दुर्बीण.

"आन् आप्पा, डोंगर चढायचाच न्हाई. खालीच हुभं ऱ्हायाचं आन् दुर्बिनीतनं बघायचं. खालनंच त्याची उंची कळती."

"आन् ती कशी?"

"ते तितं गेल्यावर कळनार."

डोंगराला हात न लावता डोंगर मोजायचा, या गोष्टीनं तिला पुरतं धरलं होतं. ज्योतीरामला तर त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपली पोर पितळेच्या दुर्बिणीला डोळा लावून उभी आहे, हे त्याला भिंतीवर दिसू लागलं. चार मुलं कशी निवडणार? तर प्रत्येकानं एकेक इमारत एकट्यानं मोजायची, तिचा नकाशा काढून आणायचा. उद्धवराव स्वतः फीत लावून ताळा बघणार. एका इंचाची चूक माफ.

हौसानं रस्त्याकडेची धर्मशाळा घेतली. चौकोनी, दगडी, उंच जोत्याची. तिच्याच भिंतीला टेकून चांदभाईचं सायकल दुकान. पंधरा दिवस तिच्या बोटांना खडू होता. या पंधरा दिवसांत ज्योतीरामनं तिला कुठंही नेलं नाही, एवढं एक त्याच्या बाजूनं सांगायला हवं. नकाशा पुरा झाला तेव्हा त्यानं तो उजेडाला धरून पाहिला. कोपरे काटकोनात, रेघ एकसारखी. लांबी अठ्ठेचाळीस फूट, रुंदी चोवीस फूट.

पितृपक्ष संपत आला होता. त्या रविवारी ज्योतीराम सकाळपासून दारातून आत आणि आतून दारात करत होता. हौसा आली ती हळूहळू चालत. पोलादाची पट्टी तिनं फळीवर, बापाच्या रंध्याशेजारी नीट ठेवली.

"काय झालं?"

"माजं नाव न्हाई."

"का?"

"चुकलं म्हनत्यात."

ज्योतीरामनं सायकल काढली आणि तडक उद्धवरावांचं घर गाठलं. उद्धवरावांनी त्याला आदरानं बसायला सांगितलं, तो अर्थातच बसला नाही.

"धर्मशाळा साडेअठ्ठेचाळीस फूट आहे," उद्धवराव म्हणाले. "मुलीनं अठ्ठेचाळीस लिहिलंय. रुंदीही तीन इंच कमी. लांबीत सहा इंच म्हणजे वीतभर जागा गायब. मी विचारलं, किती वेळा मोजलीस? म्हणते तीनदा, आणि तिन्ही वेळा अठ्ठेचाळीस. ज्योतीराम, मी पस्तीस वर्षं मोजणी केली. माणूस तीनदा मोजतो तेव्हा थोडे थोडे निराळे तीन आकडे येतात. इतका गोल आकडा घरी बसून लिहिला तरच येतो. चुकली असती तर मी सोडून दिलं असतं. खोटं मला चालत नाही."

ज्योतीराम उलट्या पावली निघाला. तो घरी आला तेव्हा हौसा आईजवळ भाजी निवडत होती.

"घरी बसून लिव्हलंस?"

"न्हाई."

"मास्तर खोटं बोलत्यात व्हय?"

"म्या मोजलं आप्पा."

"मग सहा इंच कुठं गेलं?"

तिला ते सांगता येईना. तिला माहीत असतं तर तिनं सांगितलं नसतं का? पण ज्योतीरामला उत्तराची वाट बघायची सवयच नव्हती.

"तुज्यापायी म्या सारी पिंपरी पालथी घातली. दमून येतो, पाठ टेकत न्हाई. आन् तू धर्मशाळंतली ईतभर जागा खाऊन आलीस. खोटारडी कुठली."

शेजारच्या दोन्ही खोल्यांनी ते ऐकलं. गोजाबाई म्हणाली, "आता बास." हौसा रडली नाही. भाजी निवडत राहिली, फक्त निवडलेली आणि न निवडलेली एकाच ताटात टाकू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना ज्योतीराम हवा भरायला चांदभाईच्या दुकानी थांबला. थांबायचं नव्हतं, पण पुढचं चाक बसलं होतं. चांदभाई लुंगी आवळत पंप घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "ज्योतीभाऊ, पोरीचं काय झालं? गेलं का नाव?"

"कसलं नाव. बसल्या जागी आकडं लिव्हलं तिनं."

चांदभाईनं पंपावरचा हात काढला. "कोण बोललं?"

"मास्तर."

"मास्तर इथं नव्हते, मी होतो. तीनदा मोजलं तिनं. खडूची खूण केली की चिमटीत पट्टी धरून दम रोखायची. दुसऱ्यांदा मोजताना माझ्या गिऱ्हाइकाची सायकल भिंतीला होती, मला म्हणाली चाचा, ही काढा. तिसऱ्यांदा तर जुना खडू ओल्या फडक्यानं पुसून परत पहिल्यापासून. मी म्हटलं, बेटी, इमारत काय पळून जाते का? तर म्हणाली, मास्तर फीत लावणार हायत."

चाकात हवा भरायची राहिली. ज्योतीराम सायकल तिथंच टाकून घरी पळाला, फळीवरची पट्टी घेतली आणि पळतच परत आला. तिकडं भोंगा झाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा भोंगा झाला तेव्हा तो फाटकाच्या आत नव्हता. धर्मशाळेच्या जोत्याशी ओणवा होऊन तो पट्टी मांडू लागला. एक, दोन, तीन. चोविसावी पट्टी कोपऱ्याच्या दगडाला नेमकी भिडली. अठ्ठेचाळीस फूट. एका सुताचा फरक नाही.

त्याला काय वाटलं ते काय सांगावं. पोर खरी होती. काल तिला जे बोललो ते आठवून छातीत काहीतरी टोचलं, पण ते टोचणं नीट जाणवायला थांबावं लागतं. तो थांबला नाही. पोर खरी, पट्टी खरी, म्हणजे मास्तर खोटा, असा सरळ हिशेब मांडून तो निघाला.

उद्धवराव तुळशीला पाणी घालत होते. "फीत घ्या आन् चला," ज्योतीराम म्हणाला. एवढ्या उर्मटपणे त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं, म्हणूनच बहुधा ते निघाले. धर्मशाळेपाशी तोवर चांदभाईनं चार माणसं जमवली होती. नळावरच्या बायकाही हंडे खाली ठेवून उभ्या होत्या.

"ही पट्टी नऊ वर्सं माज्या हातात हाय," ज्योतीराम सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "ही खोटी निघाली तर उद्यापास्नं रंध्याला हात लावनार न्हाई. तुमची फीत ताणली हाय, मास्तर."

"फीत ताणली तर आकडा कमी येतो, ज्योतीराम. माझा जास्त आलाय."

"मग आकसली असंल."

हा शब्द तोंडातून गेला आणि त्याचा त्यालाच कसासा लागला. का, ते तेव्हा उमगलं नाही.

उद्धवराव वाद घालणारे नव्हते. त्यांनी फीत जोत्यावर सरळ पसरली आणि हात पुढं केला. ज्योतीरामनं पट्टी दिली. त्यांनी ती फितीला चिकटवून ठेवली, एका टोकाला टोक जुळवलं. मग दुसऱ्या टोकाकडे सगळे वाकले. पट्टीवरची दोन फुटांची रेघ फितीवरच्या दोन फुटांच्या पुढं गेली होती. फार नाही. दोन सूत, म्हणजे पाव इंच.

ज्योतीरामनं पट्टी उचलून उलटी केली. मागची बुजकी इंग्रजी अक्षरं त्याला कधीच वाचता येत नव्हती, पण त्यांच्या शेवटी ठोकलेला आकडा त्याला अंधारातही बोटानं ओळखता आला असता. एकाखाली आठ. एक अष्टमांश. फुटाला एक सूत.

फौंड्रीत पाऊल टाकल्यावर जी पहिली गोष्ट त्याला शिकवली, ती ही होती. तापून पातळ झालेलं लोखंड निवताना आकसतं, फुटाला एक सूत. नमुना नेमक्या मापाचा केला तर ओतलेला भाग लहान निघेल, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. दरवेळी गणित करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मोठी घडवलेली असते. तिचा फूट हा फूट आणि वर एक सूत. नऊ वर्षं त्यानं त्याच फुटानं मोजलं होतं. घरची फळी त्याच फुटानं केली, हौसाचा पाट त्याच फुटानं केला. सगळंच सारखं मोठं, म्हणून कशाला काही अडलं नाही. जगात दुसरा फूट असतो, हे त्याच्या हातांनी विसरून टाकलं होतं.

"पट्टी खोटी न्हाई," तो अखेर म्हणाला. आवाज एवढा खाली आला होता की नळावरच्या बायकांना ऐकू गेला नाही. "पर ती हितल्या मापाची न्हाई. ती वतकामाची हाय. म्याच दिली तिला."

त्यानं सगळं सांगितलं. उद्धवरावांनी मनात आकडे मोजले. अठ्ठेचाळीस फुटांचे अठ्ठेचाळीस सूत, म्हणजे सहा इंच. चोवीस फुटांचे तीन इंच. त्यांनी धोतर सावरलं आणि ते धर्मशाळेच्या पायरीवर बसले.

"म्हणजे मुलीच्या मोजण्यात चूकच नाही," ते म्हणाले. "मी पस्तीस वर्षांत इतकं चोख काम पाहिलं नाही. आणि मी तिला खोटी ठरवली."

"म्या बी ठरवली," ज्योतीराम म्हणाला. "मग तिचं नाव..."

"यादी कालच पुण्याला गेली, जाणाऱ्या माणसाबरोबर. तिकडे चारच मुलांची सोय आहे. चौथं नाव कँपातल्या एका मुलाचं आहे, त्याचंही काम बरोबर आहे. सांगा, त्याचं कसं काढू?"

ज्योतीरामच्या मनात आलं, काढा. एका दमात दहा वेळा आलं. मग तो म्हणाला, "नगा काढू."

चांदभाईनं चाकात हवा भरून ठेवली होती. त्यानं सायकल पुढं केली आणि रंध्याच्या शपथेबद्दल एक अक्षर काढलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही कधी नाही.

कामाचा दिवस बुडालाच होता. ज्योतीराम घरी आला. हौसा शाळेत होती. त्या दोन खोल्यांत त्यानं दुपारभर किती फेऱ्या घातल्या त्या मोजायला कुठलीच पट्टी पुरली नसती. गोजाबाईला त्यानं एकदा सांगितलं, मग परत सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? तिला सांगा."

हौसा आली. बाप या वेळेला घरी बघून दाराशीच थांबली. त्यानं एका श्वासात सगळं सांगून टाकलं: लोखंड, आकसणं, फुटाला सूत, मास्तरांनी काय म्हटलं, यादी गेली. शेवटी म्हणाला, "तू खरी व्हतीस. चुकलं ते माजं."

हौसानं दप्तर खाली ठेवलं. "मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय ठावं व्हतं?"

"दोन पट्ट्या सारख्या न्हाईत ते. म्या तुमाला इचारलं व्हतं. तुमी म्हनालात पोलादाची खरी, लाकूड फुगतंय."

त्याला आठवलं. पायजम्याची क्लिप, भोंग्याची वेळ, पाठीमागून आलेली हाक.

"तू 'पर' म्हनालीस," तो म्हणाला. "पुढं काय इचारायचं व्हतं?"

"लाकूड फुगलं तर शाळंची पट्टी लांब व्हायला पायजे. तिचा फूट तर आखूड भरतो."

अकरा वर्षांच्या पोरीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. आणि लाकूड फुगलं तरी आडवं फुगतं, लांबीला वाढत नाही, हे सुताराच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. घाईत त्यानं पोरीला जे उत्तर फेकलं, ते त्याचं स्वतःचंही खरं नव्हतं. वडिलांचं 'करवत धर' निदान प्रामाणिक होतं.

"मग मला पुन्यांदा का न्हाई इचारलंस?"

"तुमी आल्यावर म्हनालात."

"मग?"

"आल्यावर आपन रोड रोलर बघायला गेलो."

ती रागानं बोलली नाही, नुसतं झालं ते सांगितलं. मग तिनं विचारलं, "चौथं नाव कुनाचं हाय?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच तिला रडू फुटलं. गोजाबाईनं तिला जवळ घेतली. ज्योतीराम उभा होता. नेहमीचं 'हौसे, चल' ओठांवर आलं होतं. कुठंतरी न्यावं, काहीतरी दाखवावं, म्हणजे रडू थांबेल. पण आज तिला कुठं न्यायचं त्याला कळेना. तो तसाच उभा राहिला आणि ती पुरतं रडून होईपर्यंत थांबला. त्याला फार जड गेलं ते.

पुढच्या रविवारी उद्धवरावांनी सगळ्या मुलांसमोर हौसाची क्षमा मागितली, आणि मोजायच्या आधी पट्टी कशी पारखायची तो धडा तिलाच द्यायला लावला. तिनं तो खाली मान घालून दिला. घरी आल्यावर ती ज्योतीरामला म्हणाली, "आप्पा, लोखंड खरंच आकसतंय?"

"व्हय की."

"मला बघायचंय."

सारी पिंपरी तिला दाखवली, सांगवीची नदी दाखवली, पण आपण दिवसभर काय करतो ते दाखवावं, हे ज्योतीरामच्या कधी मनातच आलं नव्हतं. वाळू आणि धूर, त्यात शिकण्यासारखं काय, असंच तो धरून चालला होता.

खंडेनवमीला फौंड्रीत हत्यारांची पूजा असे, आणि त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत येऊ देत. भट्टी बंद होती. पॅटर्न शॉपमध्ये रंधे, पटाशा, करवती मांडून त्यांच्यावर झेंडू वाहिला होता. कोपऱ्यात पंपाच्या एका भागाचा लाकडी नमुना होता, ज्योतीरामच्या हातचा, आणि त्याच्याशेजारी त्याच नमुन्यावरून ओतलेला लोखंडी भाग.

हौसानं पिशवीतून दोन्ही पट्ट्या काढल्या. पोलादाची पट्टी लाकडी नमुन्यावर ठेवली. अठरा इंच. शाळेची पट्टी लोखंडावर दोनदा मांडली. अठरा इंच. मग तिनं पट्ट्या अदलाबदल करून मोजलं. दोन्हीकडे आकडा हुकला. मग पुन्हा पहिल्यासारखं.

ज्योतीरामच्या जिभेवर सगळं तयार होतं. लोखंड का आकसतं, पितळ किती आकसतं, पोलादाला किती सोडावं लागतं. त्यानं दात आवळले आणि गप्प राहिला. हौसानं तिसऱ्यांदा मोजलं.

"दोन्ही खऱ्या हायत," ती स्वतःशीच म्हणाली. मग लोखंडावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. "आप्पा, मास्तरांची ती पितळंची दुर्बीण उन्हात तापली, तर तिचं माप बदलत असंल का? मग डोंगर येगळा भरंल सकाळी आन् येगळा दुपारी."

त्याला हे ठाऊक नव्हतं. पूर्वी असतं तर त्यानं काहीतरी ठोकून दिलं असतं.

"मला ठावं न्हाई," तो म्हणाला.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, ज्योतीराम, आरतीला चल, सगळे खोळंबलेत. सागवानाचा एक ओंडका भिंतीशी आडवा पडला होता. ज्योतीराम त्यावर बसला, दोन्ही पाय जमिनीला टेकून.

"तुला काय वाटतंय?" त्यानं विचारलं. "सांग. मी बसलोय."